टाकीचं कुलूप

सकाळचं भांडण पट्ट्यावरून नव्हतंच. उंचावर कमरेला बांधायचा पट्टा रंगाऱ्यानं कधीच घेतला होता. गेल्या साली त्याचा धाकटा भाऊ गावच्या ह्याच पाण्याच्या टाकीला रंग देताना पडून गेला, तेव्हापासून बायकोनं तसा धोशाच लावला होता. आज तिनं पुढचं विचारलं. पाय सरकला, पट्ट्यानं धरलं, मग वरनं काढणार कोण?

रंगारी हसला. म्हैस पाण्यात आणि हिचं मोल चाललंय, म्हणाला. गाव त्याला खार म्हणायचं, आणि खार घसरत नसते असं तोच सगळ्यांना सांगायचा. जाड दोर आणि कप्पी टाकीखालच्या मोटारीच्या खोलीत होती. पण गाव मागताना गोड आणि परत देताना आंधळं, म्हणून त्यानं खोलीला नवंकोरं कुलूप घातलेलं. किल्ली विजारीच्या खिशात.

दुपारी ती डबा घेऊन आली, तर खार कठड्याखाली लोंबकळत होता. कबुतरांच्या घाणीवर पाय सरकला होता.

ती ओरडली नाही. तिचं ओरडणं गेल्या सालीच सरलं होतं. तिनं डबा दगडावर ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि वर बघत राहिली. माणसं जमली. कुणी गाद्या आणा म्हणालं, कुणी फोन लावा म्हणालं. सल्ला द्यायला काय, जिभेला हाड नसतं.

लोहार तेवढा कामाचं बोलला. "वहिनी, पट्टा मांड्या आवळतोय. पाय बधिर झाले की मागनं माणसाची शुद्धही हरपते. दोर कुठाय?"

तिनं नुसतं खोलीकडं बोट केलं. लोहारानं हाक मारून किल्ली टाकायला सांगितली. खारीनं चाचपून पाहिलं. खिसा पट्ट्याखालीच दाबला गेला होता, बोट शिरेना.

लोहार हातोडा आणायला पळाला. तिचं डोकं चाललं. रंगाची बादली दोरीनं कठड्याला बांधून खारीच्या कमरेशी लोंबत होती.

"अहो, बादली सोडून द्या. तिच्या दोरीला फास करा, त्यात पाय घालून उभं राहा."

"अख्खी बादली भरलीय गं."

"सोडा म्हणते ना."

बादली खाली आली. निळा रंग भिंतीवरून ओघळला, तिच्या पायांवर उडाला. बऱ्याच खटपटीनं खारीचा पाय फासात गेला, मांड्यांवरचा भार उतरला. इकडं लोहारानं पाचव्या घावात कुलूप तोडलं. तिघं जण शिडीनं वर गेले, कठड्याला कप्पी बांधली, त्याला वर ओढला आणि सावकाश खाली आणला.

पायांत मुंग्या आलेल्या. लोहारानं त्याला सावलीत टेकवला. खारीनं आधी खोलीच्या दाराकडं पाहिलं.

"कुलूप तोडलं? नवं होतं."

"हो," ती म्हणाली आणि डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. पायांवरचा रंग तोवर सुकला होता.

आठ दिवसांनी खार नवं कुलूप घेऊन आला. तिनं ते हातातून काढून घेतलं. खोलीचं दार उघडंच ठेवलं आणि कुलूप घातलं टाकीच्या शिडीच्या फाटकाला. किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. "खाली माणूस उभा राहिला की देईन."

खारीनं रंगाची बादली खाली ठेवली.

मग लोहाराला बोलवायला गेला.