काचेचं कौल

नव्या घराचं आढं बसवलं त्या सकाळी माझ्या बायकोचे, कुमुदचे, पाय जमिनीवरून सुटले. हातातला चहाचा ट्रे हिंदकळू न देता ती सरळ वर गेली आणि वाशांवर बसलेल्या गड्यांना तिनं तिथंच कप दिले.

"साखर बरी आहे ना?" तिनं विचारलं.

"फर्स्ट क्लास, काकी," भिवा मेस्त्री म्हणाला. "पण जरा बाजूला सरा. रिपा ठोकायच्या आहेत."

ती सरली, खाली मात्र आली नाही. मी स्टुलावर पुस्तक उघडून बसलो होतो. वर बघावं की नाही, ते मला ठरवता येईना.

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी कौलं चढत आली. मधलं आभाळ आखडत गेलं, आणि ते आखडेल तशी कुमुदही बारीक होत गेली. आधी दाराएवढी, मग खिडकीएवढी. अर्धी घरात, अर्धी बाहेर. वारा तिच्या केसांना लागत होता. इतका निवांत चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता, किंवा पाहिला असेल तर माझ्या लक्षात आला नव्हता.

शेवटी एका कौलाची जागा उरली. भिवा वरून वाकला.

"मास्तर, काकींना आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं? कौल बसलं की मग मला बोल लावू नका."

"तुम्हीच विचारा ना तिला."

"वा! लग्न तुम्ही केलंत, आणि विचारू मी?"

गडी हसले. "नाव घ्या, मास्तर, नाव घ्या! नवरीसारखे लाजताय काय?"

भिवाला माझी कीव आली असावी. तो हळूच म्हणाला, "तुम्ही खालून पाय धरून ओढा, मी वरून झटकन मिटवतो. मग जातील कुठं?"

मला अगदी तेच हवं होतं. म्हणूनच माझा हात पुढे होईना.

शिडीची मला भीती वाटते. तरी चढलो. आयुष्यभर 'अगं'वर भागवलं होतं.

"कुमुद," मी म्हणालो. नाव तोंडात करकरीत लागलं. "तुला कुठं बरं वाटेल?"

"आता विचारताय होय? थांबा, विचार करू द्या."

सगळे थांबले. कुणीतरी हातोडी खाली ठेवली.

"मातीचं नको," ती म्हणाली. "काचेचं आहे का?"

खाली पेंढ्यात एक होतं. मी उतरलो, ते छातीशी धरून परत चढलो. घेताना तिची बोटं क्षणभर माझ्या बोटांवर राहिली. गार होती.

"आता सावकाश उतरा. खाली बघून."

मी खाली बघून उतरलो. जमिनीला पाय टेकला तेव्हा वर कौल बसल्याचा आवाज झाला.

काचेत कुमुदचा चेहरा होता. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. ती कुठल्या बाजूनं, ते खालून कळत नव्हतं.