आखाजीची गाडी

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सारिका बॅग घेऊन धुळ्यातल्या आपल्या घराच्या दारात येऊन उभी राहिली आणि नवऱ्याच्या, किरणच्या, गाडीने ऐन वेळी दगा दिला. किल्ली फिरवली की दिवे लागत, हॉर्न ठणठणीत वाजे. इंजिन मात्र हूं की चूं करेना.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी जाते. सारिकाला लग्नानंतरच्या एकाही आखाजीला माहेरचं भडगाव दिसलं नव्हतं. एसटीला मरणाची गर्दी असते, मीच सोडतो, असं नवरा दरवर्षी म्हणे आणि निघायच्या वेळी नेमकी माशी शिंके. मागच्या साली टायर बसला, त्याआधी किरणलाच ताप भरला. सारा दोष ती मनातल्या मनात सासूला, कमलबाईंना, देत आली होती. म्हातारीचीच दृष्ट लागते, दुसरं काय! यंदा मात्र आईने अंथरूण धरलं होतं. पुढच्या आखाजीला ती असेल, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हता.

बॅटरी गेली, आता सणानंतरच बघू, असं किरणने जाहीर केलं. दिवे ढणढण पेटताहेत आणि म्हणे बॅटरी गेली! सारिकाने वाद घातला नाही. चौकातल्या भाईदास मेकॅनिकला ती स्वतःच बोलावून घेऊन आली.

भाईदासने बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या, त्या घट्ट होत्या. मग त्याने बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. आत काळे चौकोनी रिले ओळीने बसवलेले होते आणि स्टार्टरच्या रिलेची जागा तेवढी रिकामी होती. हा नसेल तर किल्ली दिवसभर फिरवा, स्टार्टरला करंटच जाणार नाही, असं त्याने समजावलं. तो आपोआप पडतो का, असं सारिकाने विचारलं.

भाईदासने एकदा किरणकडे पाहिलं. "नाही ताई. खेचून काढावा लागतो."

मग त्याने हॉर्नचा तसाच रिले उपसून तिथे बसवला. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि किरणच्या तोंडचं पाणी पळालं. भाईदास पान्हे गोळा करून निघून गेला.

"उद्या ताई येतेय माहेरी," किरण शेवटी म्हणाला. "पितरांची आगारी टाकायची, पुरण घालायचं. तू गेलीस तर करणार कोण?"

म्हणजे याच्या बहिणीचं माहेर गाजावं म्हणून बायकोचं बुडवायचं. सारिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं दात धरला तो भलत्याच माणसावर, याचा संताप तर त्याहून मोठा होता.

ओट्यावर गहू निवडत बसलेल्या कमलबाईंनी मान वर केली नाही. "ह्याना बाप बैलगाडीनी खीळ काढी ठेवे," त्या म्हणाल्या. "आखाजी उनी का खीळ गायब."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दरसाल."

"मग मला सांगितलं का नाही, आई?"

"मले कोनी सांगं व्हतं?" कमलबाई म्हणाल्या आणि सुपातला खडा उचलून अंगणात फेकला.

सासूच्या पाया पडून निघायची रीत होती. सारिका वाकली नाही. चालू गाडी तिथेच सोडून तिने दारातली बॅग खांद्याला लावली आणि एसटी स्टँडची वाट धरली.