उजेड संपल्यावरचा बाण

"पानाशेजारी पान दिसेना, बाण भात्यात जाऊ दे;
हरणाचं रान हरणाला, रात्र रात्रीची होऊ दे."

हा माझ्या बापाचा आवाज. मचाणावरून उतरताना तो हे म्हणायचा, एका पायरीला एक शब्द. मी खाली दोर धरून उभी असायची. मला वाटायचं गाणं आहे. त्या आवाजात भीतीही असते हे मला फार उशिरा कळलं, तोवर बाप राहिला नव्हता.

पुढे मी रानातल्या शिकारीवर नजर ठेवणारी वॉर्डन झाले आणि त्या गाण्याचा माझ्यापुरता कायदा झाला. सूर्य बुडाल्यावर अर्धा तास. त्यापुढे धनुष्याला बाण लावायचा नाही. लोकांना वाटतं हा नियम हरणांच्या दयेपोटी आहे. हरणाला काय, त्याला अंधारातही दिसतं. नियम आहे तो माणसांसाठी. त्या वेळेला झुडपाचं हरीण होतं, हरणाचं झुडूप होतं, आणि माणसाचं काहीही होतं.

बंदुकीचं बरं असतं. वेळ टळल्यावर वाजली की अख्ख्या खोऱ्याला कळतं. धनुष्य मुकं. त्याचा चोर कानांनी सापडत नाही. म्हणून आम्ही दिवे मालवून टेकाडावर गाडी लावतो, काच खाली करतो आणि बसतो. खाली फाटकाशी कुणाच्या गाड्या आहेत, कोण बाहेर आलं, कोण अजून आत आहे. बस्स, एवढंच बघायचं. थंडी पायातून वर चढत जाते आणि आपण झाडासारखे होतो.

त्या शनिवारी मी कांगास भावांच्या दलदलीवर अशीच बसले होते. पलीकडच्या मळ्यातल्या बाईने कळवलं होतं, की वेळ संपल्यावर तिथे हिरवा दिवा उडताना दिसतो. हिरवा दिवा म्हणजे बाण. हल्ली बाणाच्या शेपटाला, पिसांमागे, काजव्याएवढा दिवा बसवतात. दोरी सुटली की तो पेटतो, म्हणजे बाण कुठे गेला ते कळतं. ज्याला अंधारात बाण सोडायचाच नाही त्याला त्याचं फारसं काम नाही. पण ठेवतात सगळेच.

फाटकाशी दोन पिकअप उभ्या होत्या, एक या कडेला, एक त्या कडेला. धाकट्या लायलची आणि थोरल्या रेइनोची. कांगास भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बापामागे दलदल वाटली गेली. नाल्याच्या वळणावरचा देवदार कुणाच्या वाट्याचा यावरून बिनसलं. त्या देवदारावर बापाचं मचाण होतं. तेव्हापासून चर्चमध्येही दोघं दोन टोकांना बसत, गाड्यासुद्धा अशा लावत.

सूर्य बुडाला. मग अर्धा तासही सरला. बर्फ भुरभुरत होता, ओला, आवाज नसलेला. आधी झाडांमधल्या फटी गेल्या, मग झाडं गेली. आता दोघेही बाहेर यायला हवे होते. कुणीच येईना.

आणि तेवढ्यात खाली, नाल्याच्या वळणाशी, हिरवी रेघ ओढली गेली. सरळ, सपाट, डोळ्याची पापणी लवावी तशी. मग ती थांबली.

हरणाच्या आरपार गेलेला बाण जमिनीत रुततो, दिवा तिथेच जळत राहतो. हरणात अडकला तर दिवा उड्या मारत पळतो. हा दिवा पळालाही नाही आणि रुतलाही नाही. तो कमरेच्या खालच्या उंचीवर डुलला. हळूहळू खाली बसला, दमलेलं माणूस बसतं तसा. आणि विझला.

ते दिवे विझत नाहीत. घड्याळाच्या सेलवर ते रात्रभर जळतात. तो कुणीतरी झाकला होता.

मी गाडी खाली फाटकाशी आणली. थोड्या वेळाने झाडांतून लाल दिवा हलत आला. लायल. खांद्यावर धनुष्य, कपाळावर दिवा, मिशीवर बर्फ.

"काय वॉर्डनबाई! एवढ्या थंडीत अंडी उबवताय का?"

"उबवतेय. त्यातून तूच निघालास. काय मारलंस?"

"नर. मोठा. वेळेत हं! अगदी काठावर, पण वेळेत."

"बाण कुठाय?"

"त्याच्याच अंगात. पोटात लागला." तो हातमोजे काढू लागला, पुन्हा घालू लागला. "सकाळी उचलीन. पोटात लागलेल्याच्या मागे लगेच जाऊ नये. बसू द्यावं, मरू द्यावं. तुझ्या बापानेच शिकवलं मला."

खरं होतं. आमच्याकडे पोरं चालायला शिकतात तेव्हाच हे शिकतात: बाण लागला की थांब. मागे धावलास की जखमी जनावर उठतं, भीतीने मैलभर पळतं, आणि कुठेतरी कुणालाच न सापडता मरतं. थांबणं म्हणजे दया. एरवी मीही म्हटलं असतं, जा घरी, पहाटे ये.

पण रेइनोची पिकअप तिथेच होती. टपावर बर्फाचा सारखा थर, कुणाचा हात न लागलेला.

"थोरला कुठाय रे?"

"मला काय माहीत. मी काय त्याचा राखणदार?"

"गाडी आहे त्याची."

"असेल. गेला असेल चालत. त्याचं काय मला विचारतेस?"

माझा फोन वाजला. रेइनोची बायको, इर्मावहिनी.

"आर्डिस, हे दिसले का गं कुठे? सौना तापून लाल झालीय. दगडांवर पाणी टाकायला माणूस नाही."

इर्मावहिनी हसून बोलत होती, आणि त्या हसण्याखाली मला दुसरंच ऐकू आलं. कांगासांच्या घरी शनिवारची सौना, तापल्या दगडांच्या वाफेची ती न्हाणी, चुकत नाही. बाप गेला त्या शनिवारीसुद्धा तापवली होती, म्हातारा तिच्यातच न्हाऊन शवपेटीत गेला. शनिवारी रेइनो उजेड असतानाच झाडावरून उतरतो. शिकार समोर उभी असली तरी.

"बघते वहिनी," मी म्हटलं. "आग जरा मंद ठेवा."

फोन ठेवला आणि लायलकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं. कपाळावरच्या लाल दिव्यात त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त वाफ दिसत होती, भराभर.

"हाक मार त्याला," मी म्हणाले.

"मी? माझ्या हाकेला तो ओ देतो होय?"

मग मीच मारली. "रेइनोदादा! ओऽ रेइनोदादा!" दलदलीने हाक गिळली. ओल्या बर्फात आवाज लवकर विरतो. आम्ही दोघं ऐकत राहिलो. नाल्याचं पाणी, बस्स.

"धनुष्य माझ्या गाडीत ठेव. भाताही."

"अगं, हरीण आहे म्हणतो ना! आत्ता गेलीस तर उठेल, पळेल, एवढा नर वाया जाईल—"

"जाऊ दे वाया. माझ्या माथी. चल पुढे."

रेडिओवर मी माणूस सापडत नसल्याचं कळवलं, रुग्णवाहिका मागवली. ते शब्द ऐकताना लायल पिकअपला टेकला.

तो पुढे, मी मागे. मुद्दाम तसं. खरं सांगते, त्या वाटेवर मला रेइनोची काळजी होतीच, पण लायलची भीतीही वाटत होती. हा माणूस शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता, माझ्या बापाच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता, आणि आता त्याच्या पाठीकडे बघताना मला ती ओळखीची वाटेना. बंदूकवाल्यांसारखी धनुष्यवाल्यांना दुरून दिसणारं केशरी जाकीट घालायची सक्ती नसते. रेइनो आत कुठेतरी झाडाच्या सालीच्या रंगाचे कपडे घालून होता. माझ्या दिव्यात प्रत्येक ओंडका माणूस होत होता. जवळ जावं तर ओंडका. पुढचा ओंडका, पुन्हा माणूस. पाऊल टाकलं की शेवाळाखाली काळं पाणी बुडबुडत होतं.

लायल उजवीकडे वळला, चढाकडे.

"तिकडे काय?"

"तिकडेच पळालं."

"लायल," मी म्हटलं, "मी टेकाडावर होते. हिरवा दिवा वळणाशी थांबला. देवदाराखाली. आणि वेळ केव्हाच संपली होती."

तो उभा राहिला. वळला नाही. एवढा वेळ उभा राहिला, की त्याच्या खांद्यावर बर्फ जमायला लागला. मग तो डावीकडे वळला आणि इतक्या जोरात चालू लागला, की मला धावावं लागलं.

देवदाराच्या अलीकडे बर्फावर रक्त होतं. पोटातलं रक्त काळपट असतं, हिरवट, त्याला वास येतो. हे लालभडक होतं, पातळ, वासाशिवाय. त्याच्या बाजूला खुराची खूण नव्हती. बूट होता. एक बूट, आणि दुसऱ्याची फरफट.

लायलच्या घशातून एक आवाज आला, कुत्र्याचा यावा तसा. मी हाक मारली.

"रेइनोदादा!"

"दिवा... दिवा खाली कर आधी."

देवदाराच्या बुंध्याला पाठ टेकून तो बसला होता. पट्टा मांडीला वरच्या बाजूने आवळलेला. बाण मांडीत घुसून हाडाशी अडलेला. आणि बाणाचं शेपूट त्याने दोन्ही मुठींत गच्च धरून ठेवलं होतं. बोटांच्या फटींतून हिरवा उजेड गळत होता, त्यात त्याची नखं बुडालेल्या माणसाच्या नखांसारखी दिसत होती.

"सोड दादा, मूठ सोड आता. मी आहे, आर्डिस."

"तुझी हाक ऐकली," तो म्हणाला. ओठ हलत नव्हते. "सोबत कोण आहे ते कळेना. म्हटलं दिवा दिसला तर... तर दुसरा बाण येईल."

त्याची बोटं मला एकेक करून उघडावी लागली. थंडीने नव्हती आखडली ती.

मी रेडिओवर जागा सांगितली. बाण काढायचा नव्हता, हलवायचा नव्हता. लायल कधी गुडघ्यांवर आला मला कळलं नाही. त्याने आपला कोट काढून भावावर घातला होता आणि दोन्ही हातांनी मांडी दाबून धरली होती, पट्ट्याखाली, जिथून अजून पाझरत होतं. रेइनोने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण हातही झटकला नाही.

दूर रस्त्यावर भोंगा ऐकू आला. यायला अजून वेळ होता. दलदलीत स्ट्रेचर म्हणजे माणसांच्या खांद्यावरून.

"इर्माने फोन केला असेल ना? काय म्हणत होती?" रेइनोने मला विचारलं.

"सौना लाल झालीय म्हणाली."

"आता तीच बसेल आत एकटी. मग उद्या म्हणेल, तुमच्यामुळे लाकडं फुकट गेली." त्याला हसायचं होतं. दात वाजले फक्त.

रक्त थांबत आलं होतं. त्याची नाडी माझ्या बोटाखाली बारीक, पण लागत होती. तेव्हा मी विचारलं. विचारायलाच हवं होतं, तेच माझं काम आणि ते मला कधी एवढं नकोसं झालं नव्हतं.

"लायल. बाण सोडलास तेव्हा काय दिसलं तुला?"

"नर," तो खाली बघून म्हणाला. "शिंगं."

"दिसली?"

"वाटली. काहीतरी हललं. शिंगंच वाटली, आर्डिस, शप्पथ. काळोख होता."

"उतरत होतो मी," रेइनो बोलला, आमच्यापैकी कुणाशीच नाही, वरच्या फांद्यांशी. "उशीर झाला होता. दोर गुंतला होता बर्फात. खाली आलो आणि खोकलो. आठवडाभर सर्दी आहे. दोनदा खोकलो."

लायलचे हात मांडीवर होते तिथेच होते, बाणाच्या शेपटाच्या हिरव्या उजेडात. भोंगा थांबला. फाटकाशी माणसांचे आवाज, दारं आपटल्याचे आवाज. मी उठून त्यांना दिवा दाखवायला हवा होता. मी उठले नाही.

"लायल," मी म्हटलं. "ते यायच्या आत बोल."

त्याने मान हलवली. नाही म्हणून हलवली, की काय म्हणून, देव जाणे. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने भावाकडे तोंड केलं.

"ऐकला," तो म्हणाला. "खोकला मी ऐकला, दादा. दोन्ही वेळा. दोरी ओढून धरली होती, आणि ऐकला. मनाला म्हटलं, नरही असंच खाकरतो. पण मला कळलं होतं. एका खोलीत निजून वाढलो आपण. तुझा खोकला मला कळणार नाही होय?"