आजोबांची इटालियन क्रियापदं

रेल्वेतून निवृत्त झालेल्या नरहररावांनी बहात्तराव्या वर्षी इटालियन क्रियापदांचे तुकडे पाडायला घेतले, ते हौस म्हणून नव्हे. तूरिनमधली त्यांची नात, नेत्रा, पूर्वी आजीशी फोनवर रोज मराठीत बोलायची. आजी गेली आणि दोन वर्षांत पोरीचं मराठीही गेलं. आता तिची आई, म्हणजे नरहररावांची मुलगी स्वरदा, दुभाष्याचं काम करी, आणि घाईत दहा वाक्यांचं एक करून सांगे. नातीनं आपल्याशी थेट बोलावं, एवढाच म्हाताऱ्याचा हट्ट.

उत्तरेतल्या चिनहटच्या फ्लॅटमध्ये रेल्वेच्या जुन्या ड्रॉइंगांच्या कोऱ्या पाठीवर ते शब्द लिहीत, तिरप्या रेघांनी त्यांचे तुकडे करत आणि जोराच्या तुकड्यावर लाल टिंब देत. 'पार्-ला-नो', म्हणजे ते बोलतात. मराठी जीभ मेली 'ला'वर जाऊन बसायची. जोर हवा 'पार्'वर. 'टे-ले-फो-ना-नो', ते फोन करतात. पाच तुकडे, आणि जोर दुसऱ्यावर! आता काय म्हणावं या लोकांना? टेबलावर बोटं आपटत ते मोठमोठ्यानं घोकत. सब्जीवाल्यानं दारातून विचारलंसुद्धा, "अंकल, घर में मेहमान आए हैं क्या?"

"हाँ भैया," नरहरराव म्हणाले. स्वरदालाही ते हेच सांगत, की घरात माणसांची सारखी ये-जा असते, माझी काळजी नको.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. नेत्राला समोर बसवून स्वरदा भांडी घासायला वळली. नरहररावांनी घोकलेले चार प्रश्न एका दमात विचारले. जोर एकदाही चुकला नाही. पोरगी हरखली. आजोबांना सगळं येतं असं समजून ती जी सुटली, ती थांबेचना. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आपण प्रश्न पाठ केले, उत्तरांची तयारी केलीच नाही. ते नुसते "सी, सी", म्हणजे हो, हो, म्हणत राहिले. मग तिनं हळूच काहीतरी विचारलं आणि वाट पाहत बसली.

"सी," ते हसून म्हणाले. ती हसली नाही.

स्वरदा ओल्या हातांनीच पडद्यासमोर आली. "बाबा, ती विचारतेय, आजोबा दिवसभर एकटेच असतात का? आणि तुम्ही हो म्हणालात. प्रश्न कळला नव्हता ना तुम्हाला?"

'नाही कळला' म्हटलं असतं तर सुटले असते, आणि ते खरंही होतं. नरहररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कळला होता," ते म्हणाले.