शिवकांताचं झाडणं

माझ्या बायकोचं, शिवकांताचं दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले, तेव्हा शिवलीला माझ्याजवळ येऊन बसली. ती आमची मुलगी, कळंबला दिलेली. म्हणाली, "अप्पा, आईचा एक नवस राहिलाय."

मला कसलाच नवस माहीत नव्हता. तिनं सांगितलं ते असं. मागं सोलापूरला माझ्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी आत होतो आणि शिवकांता बाहेर बाकड्यावर. तिथं ती बोलली होती, माणूस घरी आला तर धाराशिवच्या दर्ग्याचं अंगण झाडीन. स्वतःच्या हातानं, मशिदीच्या पायरीपासून दर्ग्याच्या दारापर्यंत. मी घरी आलो. मग तिचे गुडघे धरले, मग नातवाचं जावळ निघालं. जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं. यंदा श्रावणात एका सकाळी इष्टलिंगाची पूजा करून ती उठायला गेली आणि पडली. मग उठलीच नाही.

"तिच्या जागी मी झाडते," शिवलीला म्हणाली.

"मी झाडतो," मी म्हणालो.

तिला वाटलं असेल, दोन दिवसांनी विसरतील.

मला काही वाटत नव्हतं. रडूही आलं नव्हतं. लोहाऱ्यात माझं खताचं दुकान आहे, ते आता मुलगा विरेश बघतो. सून माझं उष्टं ताट उचलून नेते. पाण्याचा तांब्या भरायला उठलो तरी कोणीतरी म्हणतं, राहू द्या अप्पा. दिवसभर तेवढंच ऐकतो. हे एक काम शिवकांताचं होतं आणि अजून कोणी हातात घेतलं नव्हतं. म्हणून गुरुवारी शिवलीलाला घेऊन मी एसटीत बसलो. दर्ग्यात द्यायला तिनं गूळ-चपातीचा मलिदा करून डब्यात घेतला होता.

मशीद जुनी आहे, काळ्या दगडाची, ठेंगण्या कमानींची. शेजारी पांढऱ्या घुमटाचा दर्गा. दोन्हीच्या मधे फरशीचं मोठं अंगण आणि त्यात कडूलिंबाची झाडं. जाळीला नवसाचे धागे बांधलेले होते, इतके की जाळी दिसत नव्हती. बायका नारळ घेऊन बसल्या होत्या. उदाचा धूर होता. शिवकांता इथं वर्षाला एकदा यायची. मी समोरच्या हॉटेलात चहा पीत बसायचो.

दर्ग्याचे मुजावर लाडलेसाब माझ्याच वयाचे निघाले. माझ्या कपाळावरची विभूती बघून म्हणाले, "या अप्पा, कुठनं?"

"लोहाऱ्याहून." मी नवसाचं सांगितलं.

"बाई कुठं हाय?"

"गेली."

ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "मंग माफ झालं, अप्पा. ज्यानं बोलला त्येच्यासंगट नवस जातो. वर कुणी विचारत न्हाई. तुम्ही मलिदा आणलाय, फातिहा देतो, आरामात घरी जावा."

शिवलीलानं सुटकेचा श्वास सोडला. "बघा अप्पा, झालं की."

"मला माफ नको," मी म्हणालो.

लाडलेसाब हसले. "जगात पहिला माणूस बघतोय बाबा, माफी नको म्हणणारा. अहो, नवस तुमच्या जिवासाठी होता. जीव हाय की तुमचा! आनि काय पायजे?"

"झाडायचं राहिलंय."

"सकाळी झाडलंय."

"पानं पडलीत."

त्यांनी अंगणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पुरलं का जाळलं बाईला?" त्यांनी विचारलं.

"आमच्यात पुरतात. बसवून."

"बसवून?"

"व्हय." बसवताना तिची मान सारखी एका बाजूला जात होती. विरेशनं हातानं धरून ठेवली, माती गळ्यापर्यंत येईस्तोवर. हे मी त्यांना सांगितलं. का सांगितलं कळलं नाही. शिवलीला तोंड फिरवून जाळीकडं बघायला लागली.

लाडलेसाबांनी हाक मारली, "कडूबाई! ह्यास्नी झाडू दे."

कडूबाई म्हणजे वाळलेल्या अंगाची एक म्हातारी, दर गुरुवारी झाडायला येणारी. तिनं खराटा मागं धरला. "गड्यामाणसाला?"

"दे म्हनतो ना."

मी मशिदीच्या पायरीपासून सुरुवात केली. थोडं झाडलं आणि मागं बघितलं, तर पानं परत मागं आलेली.

"वाऱ्याच्या तोंडाला झाडताय," कडूबाई ओरडली. "जल्मात खराटा धरला न्हाई वाटतं!"

"न्हाय."

"बायकूनं लई लाडात ठिवलं व्हय?"

शिवलीलानं तिला हातानं गप्प बसायची खूण केली. कडूबाईला खूण कळली, पण ती मऊ पडली नाही. "मंग आता शिका," म्हणाली. "तिकडनं धरा. कंबरंतनं वाका. घास भरवल्यावानी झाडू नका."

मी तिकडून धरलं. दुपारच्या नमाजाला माणसं यायला लागली. माझा ढीग वळसा घालून ती पायऱ्या चढत होती. एकजण थांबून म्हणाला, "चाचा, राहू द्या, मी करतो."

मी खराटा घट्ट धरला. तो गेला.

छातीवर जिथं टाके घातले होते तिथं दुखायला लागलं. शिवलीला पाणी घेऊन आली. "अप्पा, पुरे. निम्मं झालंय. निम्मं मी करते."

"तू बस."

"तुम्हाला काय झालं तर मी दादाला काय सांगू?"

"काय होत न्हाय. तुझ्या आईनं सोय केलीय."

तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. ती पायरीवर बसून रडली. मी झाडत राहिलो. तिच्याजवळ जाऊन बसावं हे मला सुचलं नाही असं नाही. पण हातातलं सोडलं असतं तर परत उचलता आलं नसतं.

दर्ग्याच्या दाराशी पोचलो तेव्हा नमाज संपून माणसं गेली होती. कडूबाईनं ढीग पाटीत भरला. लाडलेसाबांनी मोरपिसाचा झाडू माझ्या डोक्यावरून फिरवला आणि म्हणाले, "कबूल."

"झालं?"

"झालं की. नवस फिटला."

मी अंगणाकडं पाहिलं. मशिदीपाशी पुन्हा चार पानं पडली होती. मी खराटा घेऊन तिकडं निघालो, तर कडूबाई आडवी आली. तिनं माझ्या हातातून खराटा काढून घेतला, जोर लावून.

"तिकडं थोडं राहिलंय," मी म्हणालो.

"तुमच्या बाईचं झालं. आता पडंल त्ये माजं."

"एवढं घेतो."

"न्हाई." ती माझ्याकडं न बघता झाडायला लागली.

मी लाडलेसाबांना विचारलं, "आता काय?"

"आता काय म्हंजे? मलिदा खावा, घरी जावा. लोहाऱ्याची गाडी असंल आता."

शिवलीलानं माझ्या हातावर मलिदा ठेवला. गूळ जास्त झाला होता. मी तो सगळा खाल्ला. मग तिनं माझ्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या, आणि मी कुठं ठेवल्या होत्या ते मला आठवेना.