गोधडीतला खाकी खिसा

धाकटीच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते आणि गोधडी अजून अर्धीच होती. घरातला हा नियम आजीनेच घातलेला: मुलीच्या लग्नाच्या गोधडीत प्रत्येकीने एक तुकडा घालायचा, ज्याच्यावर जीव जडला त्याच्या कपड्याचा. आणि शिवताना त्याची गोष्ट सांगायची.

आईने बाबांच्या शर्टाची बाही दिली आणि गोष्ट दोन वाक्यांत उरकली. बिनलग्नाच्या आत्याने तीन माणसांचे तीन तुकडे दिले.

"एवढेच?" आजीने विचारलं.

"बाकीच्यांनी कपडे परत नेले."

मग आजीने पितळी बटणासकट एक खाकी खिसा काढला.

"आजोबांनी खाकी कधी घातली?" धाकटीने विचारलं.

"त्यांचा नाही गं. बंबवाल्याचा."

आईने सुई बोटात टोचून घेतली.

आजी एकोणीस वर्षांची असताना माहेरच्या स्वयंपाकघराला खरोखरच आग लागली होती. बंबवाल्याने तिला खांद्यावर टाकून शिडीवरून खाली आणलं. तिने त्याला असं घट्ट धरलं की खिसाच हातात आला. "काय खांदे होते मेल्याचे!" महिन्याभराने तिने गच्चीत ओली पोती पेटवली. बंब आला, तोही आला आणि म्हणाला, "ताई, बाजूला व्हा."

"ताई?" आत्या किंचाळली.

"ताई! तरी अक्कल गहाण टाकून मी पुढच्या महिन्यात पडदाही पेटवला."

या वेळी आला एक ढेरपोट्या, आणि त्याच्या मागून आगीचं कारण लिहून घ्यायला एक किडकिडीत कारकून. त्याने जळका पडदा पाहिला, काडेपेटी पाहिली, आजीने केलेला नट्टापट्टा पाहिला आणि हळूच म्हणाला, "त्याची बदली झाली. अजून किती पडदे शिल्लक आहेत?" मग कागदावर लिहिलं: मांजराने दिवा पाडला.

"आमच्याकडे मांजरच नव्हतं," आजी म्हणाली. "म्हटलं, इतकं सफाईने खोटं बोलणारा पुन्हा मिळायचा नाही. केलं लग्न."

"शेजाऱ्यांचं मांजर लिहिलं होतं मी!" आतल्या खोलीतून आजोबा ओरडले. त्यांना ऐकू येत नाही, असा सगळ्यांचा समज होता.

सगळ्या हसून लोळल्या. धाकटी मात्र हसता हसता रडायला लागली. होणाऱ्या नवऱ्याचा म्हणून दिलेला निळा तुकडा तिने दुकानातून विकत आणला होता.

"तो वाईट नाही," ती म्हणाली. "पण त्याच्यासाठी मी साधी काडीसुद्धा ओढणार नाही."

"अगं, पत्रिका वाटून झाल्यात! लोक काय म्हणतील?" आई म्हणाली.

"एका जेवणाला मुकतील, दुसरं काय," आजी म्हणाली. "जा, फोन कर त्याला."

धाकटीने जिन्यात जाऊन फोन केला. लग्न नको, हे सरळ सांगून टाकलं. तो म्हणाला, "थांब, जरा बसतो." आणि त्याने सुटकेचा असा लांबलचक श्वास सोडला की तिला हसूच फुटलं. मग दोघं तासभर बोलली. लग्न ठरल्यापासून एवढं कधी बोलली नव्हती.

आई चार दिवस कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी दुपारी ती सुईदोरा घेऊन गोधडीपाशी आली, धाकटीला "सरक" म्हणाली आणि बसली. दोन टाके घातले.

"तुझ्या बाबांच्या आधी एक दातांचा डॉक्टर होता," ती म्हणाली. "आणि माझे दात तेव्हा अगदी ठणठणीत होते."