चमचाभर वाइन आणि हळदीचं बोट

"काळी पडली! माझीही काळी पडली!"

कोलकात्यात, डमडमच्या मराठी मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं आणि आरोग्यगुरू मंदारजींभोवती ही झुंबड उडाली. बँकेतले साहेब, आयटीतली पोरं, झाडून सगळे. बोटाला मंदारजींचं भस्म लावायचं आणि वाटीतल्या चमचाभर रेड वाइनमध्ये बुडवायचं. लाल वाइन बघता बघता काळपट हिरवी व्हायची.

"हे तुमच्या हृदयातलं विष!" मंदारजी गरजले. "आमची मंतरलेली वाइन ते ओढून घेते. रोज एकच पेला! मग गोळ्या हव्यात कशाला?"

यामिनीचं डोकं सणकलं. तिचा नवरा विनायक, खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचा अधिकारी, पंधरा दिवसांपासून रक्तदाबाच्या गोळ्या सोडून हाच पेला घेत होता. सकाळी वरचा आकडा एकशे नव्वद! सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता.

"या वहिनी, तुमचंही विष बघू."

तिने चिडूनच बोट पुढे केलं. दुपारभर बायकांना हळद लावून ते पिवळं झालं होतं. भस्म लागताच ते लाल झालं.

यामिनी थबकली. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू असंच तर करतात! म्हणजे या भस्मातच सोड्यासारखा क्षार आहे, आणि वाइनचा रंगही तोच बदलत असणार!

तिने साबणाने हात धुतले आणि कोरडं बोट दुसऱ्या वाटीत बुडवलं. वाइन लालच. मग चमच्याने चिमूटभर भस्म त्यात टाकलं. वाइन काळी!

"आता हे विष कुणाचं? चमच्याचं?"

मंदारजी "अश्रद्धा, घोर अश्रद्धा" पुटपुटत बाटल्या आवरू लागले.

घोळक्यात उभा असलेला विनायक मात्र म्हणाला, "पण थोडी वाइन हृदयाला चांगली, असं संशोधन आहे ना?"

यामिनीला रडूच कोसळायचं बाकी होतं. "अहो, थोडी पिणारे बरेचदा खाऊनपिऊन सुखी, फिरणारे लोक असतात. आणि आजारपणामुळे दारू सोडलेल्यांना न पिणाऱ्यांत मोजलं, की पिणारे ठणठणीत दिसणारच! वाइन म्हणजे औषध नव्हे. गोदीत नुसतं लेबल वाचून पेटी सोडलीत कधी?"

"नाही. उघडून बघतो."

"मग स्वतःच्या जिवाच्या बाबतीतच का नाही बघत?"

विनायकने मान खाली घातली. "उद्या डॉक्टरांकडे जातो."

"उद्या नाही, आत्ता," म्हणत तिने त्याची चप्पल पुढे सरकवली.